शिवारात पळायला जाताय? आधी वाट ठरवा

"डॉक्टर, उद्यापासून पळायला सुरुवात करू का?" शुगरचा किंवा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात घेऊन बसलेला माणूस हा प्रश्न हमखास विचारतो. त्यावर मी एवढंच विचारतो, "कुठून कुठपर्यंत?" समोरचा जरा गोंधळतो. त्याला वाटत असतं, मी बुटांबद्दल किंवा वेळेबद्दल बोलेन. पण गावात राहणाऱ्या माणसाला पळणं मानवणार की बाधणार, हे बऱ्याच अंशी त्याने निवडलेल्या वाटेवर अवलंबून असतं. चढ किती आहे, जमीन कसली आहे, वाहनं किती जातात, सावली कुठे आहे, मध्येच त्रास झाला तर माणसांची वस्ती किती लांब आहे, हे सगळं वाटच ठरवते. शहरात बागेला फेऱ्या मारणाऱ्यासाठी हा विचार दुसऱ्या कुणीतरी आधीच केलेला असतो. शिवारात तो आपला आपल्याला करावा लागतो.

या लेखात मी उदाहरणं वाई भागातली घेतली आहेत. कृष्णेचं खोरं, दोन्ही बाजूंना डोंगर, मधे ऊस आणि हळदीची रानं. नदीच्या कडेने जाल तर जमीन सपाट, आणि डोंगराकडे तोंड केलंत की लगेच घाट. पळायला शिकणाऱ्यासाठी याहून सोयीची जागा नाही आणि चुकायलाही याहून सोपी जागा नाही. तुमचं गाव बारामतीकडचं असो की निफाडकडचं, नावं बदलून वाचा. हिशोब तोच राहतो.

चढ म्हणजे औषधाचा डोस

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. वय सेहेचाळीस, दुकान चालवणारे, दिवसभर गल्ल्यावर बसून. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील बदलले आहेत. शुगर नुकतीच निघाली होती. पुतण्या भरतीची तयारी करत होता, तो रोज पहाटे पसरणीच्या घाटात पळायला जायचा. काका त्याच्यासोबत निघाले. पहिल्या दिवशी चढाला छाती भरून आली, ढेकर आला, थांबल्यावर बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तसंच. "रात्रीचं जेवण उशिरा होतंय, पित्त असणार," म्हणून त्यांनी गोळी घेतली. चौथ्या दिवशी वहिनींनी जबरदस्तीने दवाखान्यात आणलं.

त्यांचा ईसीजी अगदी नॉर्मल होता. इथेच अनेक जण फसतात. बसलेल्या, शांत माणसाचा ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत असं नसतं. नळी अरुंद झालेली असली तरी आरामात असताना लागेल तेवढं रक्त तिच्यातून जातं. मागणी वाढली की ते कमी पडतं आणि छाती दडपते. मागणी थांबली की पाच मिनिटांत सगळं शांत. चढाला दडपतं, थांबलं की बरं वाटतं, पुन्हा चढ आला की पुन्हा दडपतं, हा क्रम दुसरं काही सिद्ध होईपर्यंत हृदयाचाच समजायचा. मग ढेकर येवो अगर न येवो. त्यांना पुढे पाठवलं, तपासणीत अडथळा सापडला, स्टेंट बसला. आज ते चालतात, थोडं पळतातही, पण नदीच्या कडेने.

घाटाने नेमकं काय केलं ते समजून घ्या. वाईहून पाचगणीला जाताना साधारण बारा किलोमीटरमध्ये साडेपाचशे-सहाशे मीटर चढावं लागतं, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की पाचेक मीटर वर. डोळ्यांना हा चढ फार वाटत नाही, एसटी आरामात चढते. पण ताशी आठ किलोमीटरच्या वेगाने सपाटीवर पळताना शरीराला जेवढा ऑक्सिजन लागतो, त्यापेक्षा एवढ्या चढावर तोच वेग ठेवला तर सुमारे एक पंचमांश जास्त लागतो. बैठं काम करणाऱ्या, सेहेचाळिशीतल्या, सवय नसलेल्या माणसाची शेवटची मर्यादा बहुधा या दोन आकड्यांच्या आसपासच कुठेतरी असते. म्हणजे सपाटीवर तो धापा टाकत का होईना, मर्यादेच्या आत असतो. चढावर तो तिच्या बाहेर जातो, आणि सोबतच्या पुतण्याला ते कळतही नाही, कारण त्याची मर्यादा खूप वर असते.

उताराची गंमत वेगळी. उतरताना दम लागत नाही म्हणून लोक सुसाट सुटतात. पण उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकचं काम करतात, आणि स्नायूंना सगळ्यात जास्त झीज याच कामात होते. त्याचा हिशोब त्याच दिवशी मिळत नाही. एक-दोन दिवसांनी जिना उतरताना, उकिडवं बसताना मांड्या अशा धरतात की माणूस म्हणतो, माझे गुडघे गेले. गुडघे गेलेले नसतात, पण आधीपासून गुडघ्याचं दुखणं असलेल्यांना उतार खरोखर महागात पडतो.

साताऱ्यात दरवर्षी होणारी हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटातून जाते. तिचे फोटो पाहून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घाटाकडे वळणारे बरेच असतात. त्यांना माझा विरोध नाही. घाट हा चौथ्या-पाचव्या महिन्यातला विषय आहे, एवढंच सांगतो.

सपाट वाट कुठे मिळते?

तुमच्या गावाजवळून धरणाचा कालवा जात असेल तर तुम्ही नशीबवान आहात. धोम धरणातून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात आणि डोंगराच्या पायथ्याला धरून, गावांच्या वरच्या अंगाने जातात. कालव्यातलं पाणी पंपाने ढकलत नाहीत, ते आपल्या वजनाने वाहतं. जास्त उतार दिला तर वेगाने काठ खरवडेल, कमी दिला तर गाळ साचेल, म्हणून कालव्याचा उतार फार काटेकोर ठेवलेला असतो, किलोमीटरला बहुधा अर्ध्या मीटरच्याही आत. मधे एखाद्या ठिकाणी पाणी पायरीसारखं खाली सोडलेलं असतं, तेवढंच. त्यामुळे कालव्याच्या कडेने जाणारा देखभालीचा रस्ता हा डोंगराळ तालुक्यातसुद्धा जवळजवळ सपाट मिळतो. शिवाय बहुतेक मुरमाचा, फारशी वाहनं नसलेला. अनेक ठिकाणी किलोमीटरचे दगडही लावलेले असतात, त्यामुळे अंतर मोजायला घड्याळ-ॲप लागत नाही.

मात्र कालव्याची एक गोष्ट गांभीर्याने घ्या. आवर्तन चालू असताना, म्हणजे पाणी सोडलेलं असताना, हात-पाय धुवायला काठावरून खाली उतरू नका. अस्तर केलेल्या कालव्याच्या तिरक्या भिंतीवर शेवाळ असतं. पाय घसरला की पकडायला काही नसतं, आणि पाण्याचा ओढ वरून दिसतो त्यापेक्षा जास्त असतो. चांगलं पोहता येणारी माणसंही तिथून बाहेर येऊ शकत नाहीत. कुणी पडलंच तर मागोमाग उडी मारू नका. दोर, साडी, लांब काठी, काहीही फेका आणि आरडाओरडा करा.

कालवा नसेल तर नदीकाठचा रस्ता पाहा. वाईहून मेणवलीला जाणारा रस्ता तीनेक किलोमीटरचा आहे. नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर पाच मिनिटं टेकायचं आणि परत फिरायचं, असे सहा किलोमीटर होतात. नवख्याने यातलं अर्धं चालायचं. पण अशा सरळ जाऊन परत येण्याच्या वाटेत एक अडचण आहे. जाताना हुरूप असतो, माणूस लांब जातो, आणि दमतो तेव्हा घर तीन किलोमीटर मागे राहिलेलं असतं. म्हणून पहिले दोन महिने मी गावाभोवतीची फेरी सुचवतो. शाळा, ओढ्यावरचा पूल, मळ्यातली वस्ती, मंदिर, पुन्हा शाळा, अशी दीड-दोन किलोमीटरची. कुठेही थांबलात तरी घर दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर असतं आणि वाटेत ओळखीची माणसं असतात. एक फेरी चालायची, दुसरी फेरी थोडं पळत थोडं चालत. फेरीचं अंतर मोटारसायकलवर एकदा मोजून ठेवा.

आणि वेग? पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. चढ आला की हाच नियम पाळायचा, म्हणजे वेग आपोआप उतरतो. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडीचा वेग मुळातच दाबलेला असतो, अशांना घड्याळातल्या आकड्यांपेक्षा ही बोलण्याची चाचणी जास्त विश्वासाची. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम सांगते. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस भरभर चाललात तरी त्यात बसता. शुगर-बीपीसाठी पळणं सक्तीचं नाही, हे सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

डांबर, मुरूम की माती?

"डांबरीवर पळू नका, गुडघे झिजतात," हे तुम्ही ऐकलं असेल. गोष्ट एवढी सरळ नाही. सावकाश पळताना एका किलोमीटरला साधारण बारा-तेराशे पावलं पडतात आणि प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट जोर येतो. पण पाय हा काही लोखंडी खांब नाही. जमीन कडक असली की शरीर गुडघा-घोटा जरा जास्त वाकवून मऊपणा आणतं, जमीन मऊ असली की पाय ताठ ठेवतं. त्यामुळे मऊ जमिनीचा फायदा वाटतो तेवढा मोठा नसतो. दुखापत होते ती बहुतेक अचानक बदलाने. वर्षभर मातीत पळणारा पोरगा महिनाभर सिमेंटच्या रस्त्यावर गेला की नडगी दुखते, आणि डांबरीवरचा माणूस एकदम नांगरटीच्या कडेने पळू लागला की घोटा मुरगळतो.

डांबरी रस्त्याचा खरा त्रास वेगळाच आहे. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता असतो. कायम एकाच कडेने पळालात तर एक पाय सतत वर आणि एक खाली पडतो. एकाच बाजूचा गुडघा किंवा कंबर दुखत असेल तर आधी हे तपासा. यासाठीही मुरमाचा रस्ता बरा, तो जरा तरी सपाट असतो. पाणंद उन्हाळ्यात उत्तम, पावसाळ्यात नको. काळ्या मातीचा चिखल बुटाला चिकटून प्रत्येक पाय जड होतो, आणि बैलगाडी-ट्रॅक्टरची चाकोरी पाण्याखाली दिसत नाही.

घोटा मुरगळलाच तर एक साधी गोष्ट पाहा. त्या पायावर भार देऊन चार पावलं टाकता येतात का? येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडाच्या उंचवट्यावर दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढा. चोळून घेऊ नका, ओढून तर मुळीच घेऊ नका.

भरतीवाल्या मुला-मुलींसाठी

पहाटे शिवारात पळणाऱ्यांत सगळ्यात जास्त संख्या तुमची. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, आणि सेकंदांवर गुण कमी-जास्त होतात. जाहिरात निघाली की चार आठवड्यांत सगळं करायचं, या घाईत नडगी जाते.

नडगीच्या आतल्या कडेला बोटभर नव्हे तर चांगली वीतभर जागा दुखत असेल, पळायला लागल्यावर दुखून नंतर जरा मोकळं होत असेल, तर बहुतेक तो ताण आहे. दोन-तीन आठवडे पळणं कमी करून, सायकल किंवा चालण्यावर येऊन तो बरा होतो. पण एकाच ठिकाणी, एका बोटाने दाखवता येईल असं दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, एका पायावर उडी मारताच कळ जात असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत ती साध्या एक्स-रेत दिसत नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे, पळ" असं कुणी म्हटलं तरी थांबा. पेनकिलर घेऊन पळणाऱ्यांची ही चीर पूर्ण मोडते, आणि मग ती भरती तर जातेच, पुढचीही जाऊ शकते. आठवड्यात एका वेळी एकच गोष्ट वाढवा, अंतर किंवा वेग किंवा चढ. वेगाचं पळणं आठवड्यातून दोनदा पुरे.

मुलींबद्दल थोडं जास्त. मागे एक मुलगी आली होती, ८०० मीटरची तिची वेळ तीन महिने तिथेच अडकली होती. ज्या अकॅडमीत ती जायची तिथे तिला आळशी ठरवून जादा फेऱ्या दिल्या जात होत्या. खालची पापणी ओढून पाहिली, पांढरी. हिमोग्लोबिन ८.६ निघालं. बायकांत ते किमान १२ असायला हवं. ऑक्सिजन वाहून नेणारी गाडीच अर्धी रिकामी असेल तर फेऱ्या वाढवून काय होणार? लोहाच्या गोळ्या, जंतांचं औषध, जेवणासोबतचा चहा बंद, जेवणात लिंबू, आणि जादा पाळी जाण्यावर उपचार, असं तीन महिने केलं. ती पळू लागली. मुलींनो, दम लवकर लागतो, पायऱ्या चढताना धडधडतं, माती-खडू खावासा वाटतो, असं काही असेल तर आधी रक्त तपासा. आणि जोराच्या तयारीत पाळी तीन महिने आली नाही तर "बरंच झालं" म्हणू नका. शरीराला खर्चाच्या मानाने अन्न पुरत नाही याची ती खूण आहे, आणि अशाच मुलींच्या हाडांना चिरा पडतात.

अंधार, ऊस आणि कुत्री

साखर कारखान्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या दिवसांत पहाटेच्या अंधारात गावच्या रस्त्यावर सगळ्यात धोकादायक वस्तू म्हणजे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तरी मातीने माखलेला, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि गाण्याच्या आवाजात ड्रायव्हरला काही ऐकू येत नाही. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, म्हणून तुम्ही उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनाकडे तोंड करून पळा. कानात काही घालू नका. अंगात पांढरा किंवा पिवळा शर्ट, हातात किंवा कपाळावर बॅटरी. ट्रॅक्टर आला की पळतच बाजूने निघून जाण्याचा मोह टाळा, साइडपट्टीच्या पलीकडे उभे राहा, दुसरी ट्रॉली गेल्याची खात्री करा, मग निघा. शक्य असेल तर हंगामात कारखान्याकडे जाणारा रस्ताच सोडा.

बॅटरी सापांसाठीही हवी. ऊस म्हणजे उंदीर आणि उंदीर म्हणजे घोणस. ती वाटेवर पाचोळ्यासारखी पडून राहते आणि पाय पडला की चावते. मण्यार रात्रीची फिरते. उजाडल्यावर निघणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. चावलंच तर चीर देऊ नका, चोखू नका, घट्ट आवळून बांधू नका. अंगठी, जोडवी, बूट काढा, पाय काठीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, चालू नका, आणि प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात गाडीने जा. ते जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात मिळतं, हे आजच चौकशी करून ठेवा. मण्यारीच्या दंशाला कधी सूज नसते, दुखतही नाही, म्हणून "काही झालं नाही" असं समजून घरी झोपू नका.

मळ्यातल्या वस्तीवरची कुत्री आपली हद्द राखतात. पळणारी वस्तू दिसली की ती धावतात. थांबा, त्यांच्या डोळ्यांत पाहू नका, तोंड त्यांच्याकडे ठेवून हळूहळू बाजूला व्हा. त्याच वेळी त्याच वाटेने रोज गेलात तर पंधरा दिवसांत ती भुंकायचीही थांबतात. चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी लस सुरू करा, सगळे डोस पूर्ण करा, आणि रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं इंजेक्शन वेगळं असतं, ते आवर्जून विचारा. रेबीज एकदा झाला की त्यावर इलाज नाही, पण वेळेत सगळं केलं तर तो टळतो.

हंगाम पाहून वाट बदलण्याची आणखी दोन कारणं. थंडीत खोऱ्याच्या तळाला थंड हवा साचते आणि पहाटेचा चुलीचा, पाचटाचा धूर वर न जाता तिथेच पसरून राहतो. दम्याच्या लोकांनी त्या दिवसांत ऊन पडल्यावरच निघावं. आणि कुठल्या रानात फवारणी चालू असेल तर त्याच्या वाऱ्याखालून जाऊ नका. पळताना आपण तोंडाने, खोल श्वास घेतो. फवाऱ्याच्या वासानंतर लाळ सुटणं, दरदरून घाम, छाती आवळणं, धूसर दिसणं असं झालं तर कपडे बदलून, अंग धुऊन ताबडतोब दवाखाना गाठा, आणि औषधाचं नाव कळलं तर सोबत सांगा.

उन्हाळ्यात

मार्चपासून साडेसातच्या आत परत आलेलं बरं. उन्हाची सवय शरीराला होते, पण तिला दहा-चौदा दिवस लागतात, तेवढे दिवस अंतर निम्मं ठेवा. ताप, जुलाब झाले असतील तर सुट्टी. तासाभराच्या आतल्या पळण्याला साधं पाणी पुरतं, जास्त असेल तर लिंबू-मीठ-साखरेचं सरबत.

पळता पळता एखादा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, चिडचिड करू लागला किंवा कोसळला, तर तो उष्माघात असू शकतो. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही, असं मानू नका. पळण्यातून होणाऱ्या उष्माघातात घाम वाहत असतो. इथे मिनिटं मोजावी लागतात, आणि शिवारातला माणूस इथे शहरापेक्षा फायद्यात आहे. जवळच्या विहिरीवरची मोटार चालू करा आणि पाइपाखाली माणसाला धरा, डोकं, मान, काखा, जांघा भिजवत राहा, तोंड-नाक मोकळं ठेवा. वीज नसेल तर टाकीतलं पाणी घागरीने ओता आणि उपरण्याने वारा घाला. आधी गार करा, १०८ ला फोन त्याच वेळी दुसऱ्याने करायचा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. कालव्यात किंवा विहिरीत उतरवू नका.

निघण्याआधी कुणी दाखवून घ्यावं?

पस्तीस-चाळिशीच्या पुढचे, बऱ्याच वर्षांत व्यायाम न केलेले आणि त्यात शुगर, बीपी, तंबाखू-विडी, किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयविकार असेल, त्यांनी पळण्याआधी डॉक्टरांना भेटावं. चालायला परवानगीची गरज नाही, आज संध्याकाळी निघा. बीपी १८०/११० च्या वर असेल तर आधी ते खाली आणू. भरतीच्या मुलांपैकी ज्यांना पळताना, दम लागून नव्हे तर एकाएकी, चक्कर येऊन पडायला झालं आहे, किंवा ज्यांच्या घरात तरुण माणूस अचानक गेला आहे, त्यांनी वय न बघता हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी.

शुगरसाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर उपाशीपोटी पळू नका. खिशात खडीसाखर किंवा साखरेच्या तीन चमचांची पुडी ठेवा. हात थरथरले, भूक-घाम-घाबरल्यासारखं झालं की थांबून ती खा, पंधरा मिनिटं बसा, आणि त्या दिवशी परत चालतच या. आपली गोळी कोणती हे माहीत नसेल तर पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. पायाला मुंग्या-बधिरपणा असेल तर मुरमाच्या वाटेवर बूट-मोज्यांशिवाय पाय ठेवू नका आणि घरी आल्यावर तळवा आरशात पाहा. खडा रुतलेला कळत नाही, जखम आठ दिवसांनी दिसते.

छातीवर दाब, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, नेहमीपेक्षा वेगळा दम, गार घाम, यातलं काही झालं तर तिथेच बसा. "घरापर्यंत पोचतो" म्हणून चालू नका. दहा मिनिटांत थांबलं नाही तर १०८. थांबलं तरी त्याच दिवशी दाखवा, दुसऱ्या दिवशी तपासून बघायला पुन्हा पळू नका.

फोन सोबत असावा, पण कालव्याच्या वळणांवर आणि डोंगराच्या आडोशाला रेंज जाते. म्हणून घरात एवढं सांगून जा, कुठल्या बाजूने जाताय आणि किती वाजेपर्यंत याल. माझे ते दुकानदार गृहस्थ आता निघताना उंबऱ्यातून ओरडतात, "मेणवलीकडे चाललोय गं, सातला येतो." सात वाजून दहा मिनिटं झाली की वहिनी पुतण्याला गाडी काढायला लावतात.